पांढरा, पण कोणता पांढरा?

“ताई, पांढरा म्हणजे पांढराच ना गं? त्यात निवडायचे ते काय?”

धाकट्या बहिणीने असे विचारले तेव्हा मीही हसले होते. विरारला घर घेतल्यावर भिशीचे साठवलेले पैसे तिने ओट्याखालच्या कपाटांवर घातले. पण दोन पावसाळ्यांत ती शुभ्र दारे पिवळी पडली, शेगडीजवळचा पापुद्रा सुटला, सिंकखालचे दार पावासारखे फुगले. डागांच्या धास्तीने सासूबाई फोडणीसुद्धा भीत भीत देऊ लागल्या. यंदा दिवाळीपूर्वी नवी दारे करायची ठरली, तेव्हा आम्ही दोघी पदर खोचून चौकशीला निघालो.

पहिला धडा मिळाला तो असा, की रंगाआधी आतली फळी पाहावी. एम.डी.एफ. गुळगुळीत खरा, पण पाणी शिरले की फुगतो. सिंकखाली ‘आय.एस. ७१०’ शिक्क्याचे मरीन प्लायवूडच हवे.

आता वरचा पांढरा. ऑइल पेंट स्वस्त, पुन्हा देताही येतो. मात्र तो अंधारात पिवळा पडतो. म्हणून दार बाहेरून पांढरे आणि आतून तुपासारखे दिसू लागते. मेंब्रेन म्हणजे प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा; शेगडीच्या उष्णतेने तो सुटतो. बहिणीची पहिली दारे याचीच होती. ॲक्रिलिक आरशासारखे चमकते, पण बोटांचे ठसे आणि ओरखडेही तितकेच दाखवते. पी.यू. रंगाला सांधा नसतो. पण तो महाग, आणि टवका उडाला की पुन्हा फवारणारा माणूस शोधा!

राहिले लॅमिनेट, आपण सरसकट सनमायका म्हणतो ते. त्याचा मेलामाइनचा पृष्ठभाग रोजचे पुसणे सोसतो. आतला कागद तपकिरी असल्याने पांढऱ्या दाराच्या कडेला काळी रेघ दिसते, एवढाच दोष. कडेला पांढरी पट्टी यंत्राने चिकटवून घेतली की रेघ झाकते आणि पाणीही अडते.

छटा मात्र दुकानात ठरवू नये. आपल्याकडे इमारती दाटीच्या. कित्येक स्वयंपाकघरांत दुपारीही दिवा लागतो. निळसर पांढरा ट्यूबलाइटखाली दवाखान्याची आठवण देतो, तर हस्तिदंती पिवळ्या दिव्याखाली मळका दिसतो. आम्ही तीन नमुने घरी आणले आणि सकाळ, दुपार, रात्र ओट्यापाशी उभे करून पाहिले. मग त्यांवर हळदीचे तेल फासून रात्रभर ठेवले. सकाळी साबण लावताच डाग लाल झाला आणि बहीण दचकली! पण क्षार लागला की हळद लाल होतेच. धुतल्यावर उरलेली फिकट खूण उन्हात ठेवली, तर तीही विरली.

शेवटी निवडले ते मोतिया छटेचे, मंद चमकेचे लॅमिनेट. वसई-विरारची हवा खारी. साध्या बिजागऱ्यांचा गंज पांढऱ्यावर ओघळला तर लगेच दिसतो. म्हणून बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्या घेतल्या. चकाकीवर जाणारे पैसे वाचले, ते फळी, कडा आणि बिजागऱ्यांवर गेले.

वसुबारसेला दारे बसली. सासूबाईंनी लगेच चिवड्याची कढई चढवली, हळद-हिंगाची खमंग फोडणी दिली आणि दारावर उडालेला शिंतोडा ओल्या फडक्याने टिपत म्हणाल्या, “हं, आता हे माझे स्वयंपाकघर!”