'का जाते?' आणि 'कशी चालवते?': दोन शाखा, एक पूल

सिनॉप्सिस लिहिताना 'आंतरराष्ट्रीय व्यवसाय' आणि 'आंतरराष्ट्रीय व्यूहात्मक व्यवस्थापन' हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. मग गाइड विचारतात, "तुमचा नेमका प्रश्न काय?" आणि तिथेच गाडी अडते. म्हणून हा फरक आधी समजून घेऊया.

पहिल्या शाखेचा मूळ प्रश्न आहे 'का?'. स्थानिक कंपनीला तिथली भाषा, कायदे, ग्राहक सगळं ठाऊक असतं. मग परकी कंपनी तिथे जातेच का? स्टीफन हायमर यांनी १९६० च्या प्रबंधात उत्तर दिलं की, ही उणीव भरून काढणारी खास ताकद तिच्याकडे असते. पुढे जॉन डनिंग यांनी तीन गोष्टी एकत्र मांडल्या: मालकीचा फायदा, ठिकाणाचा फायदा आणि दुसऱ्याला परवाना देण्याऐवजी काम स्वतःकडेच ठेवण्याचा फायदा.

दुसऱ्या शाखेचा प्रश्न 'कसं?' हा आहे. निर्णय मुख्यालयाने घ्यायचे की स्थानिक शाखेने? सगळीकडे एकच पद्धत, की देशागणिक बदल? ख्रिस्तोफर बार्टलेट आणि सुमंत्र घोषाल यांचं १९८९ चं पुस्तक याच ओढाताणीबद्दल आहे.

विज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर उष्मागतिकी इंजिनाची मर्यादा सांगते, पण इंजिन कसं बनवायचं ते अभियंता ठरवतो. एकाशिवाय दुसरं अपुरं.

वॉलमार्टचं उदाहरण घ्या. १९९७ मध्ये ती जर्मनीत गेली. स्वस्त दर ही तिची ताकद. पण तिथे आल्डीसारखी स्वस्त दुकानं आधीच घट्ट रुजलेली, आणि खरेदी किमतीखाली विकण्यावर कायद्याचं बंधन. २००६ मध्ये तिने तिथली दुकानं मेट्रो कंपनीला विकली. म्हणजे ताकद होती, पण ती सीमेपलीकडे तशीच लागू पडली नाही.

इथेच दोन्ही शाखांमधला पूल दिसतो. अॅलन रगमन आणि अॅलेन व्हर्बेके यांनी १९९२ मध्ये फरक मांडला: काही फायदे कुठेही नेता येतात, काही एका ठिकाणाशी बांधलेले असतात. कोणता फायदा कोणत्या प्रकारचा, हे सिद्धांत विचारायला लावतो. त्यानुसार काय बदलायचं, हे व्यूहरचना ठरवते.

आता तुमचा विषय तपासा. परदेशी जाण्याचा निर्णय समजावून सांगायचाय? तर पहिली शाखा. गेल्यानंतरची रचना आणि कामगिरी? तर दुसरी. फायदा सीमा ओलांडतो का, हे शोधायचंय? मग दोन्ही वाचावं लागेल. तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहून बघा. कोणती पुस्तकं आधी उघडायची, ते त्यातूनच कळेल.