आच बंद झाल्यावर बटाटा काय करतो

एकादशीच्या आदल्या रात्री आमच्याकडे पुसेगावात बटाटे उकडून ठेवायची पद्धत आहे. सकाळी उठून घाई नको, एवढाच त्यामागचा विचार. पण सकाळी ते गार बटाटे सोलायला बसलं की हाताला काहीतरी वेगळं लागतं. रात्री बोट लावलं तरी लगदा व्हायचा तोच बटाटा सकाळी सुरीखाली सरळ कापला जातो, फोडींना कोपरे येतात. मधल्या आठ तासांत त्याला कोणी हात लावलेला नसतो. गॅस बंद, झाकण ठेवलेलं, घर झोपलेलं. तरी पातेल्यात काहीतरी घडून गेलेलं असतं.

काय घडतं ते कळलं तेव्हापासून मला बटाट्याकडे नुसती भाजी म्हणून बघता येत नाही.

कच्च्या बटाट्याच्या प्रत्येक पेशीत स्टार्चचे घट्ट बांधलेले कण असतात. पाणी साधारण साठ-पासष्ट अंश सेल्सिअसला पोचलं की हे कण पाणी पिऊन फुगतात आणि त्यांच्यातल्या घड्या घातलेल्या लांबलचक साखळ्या सुट्या होतात. सुती साडीला खळ करताना पातेल्यात जे होतं तेच इथे पेशीच्या आत होतं. आपण याला ‘शिजला’ म्हणतो आणि विषय संपला असं समजतो. पण बटाटा गार होऊ लागला की त्या सुट्या झालेल्या साखळ्या पुन्हा एकमेकींजवळ सरकतात, शेजारी शेजारी लागतात, एकमेकींना धरून ठेवतात. मधलं थोडं पाणी बाहेर ढकललं जातं आणि मऊ लगद्यात बारीक बारीक स्फटिक तयार होतात. शिळी भाकरी वातड होते, रात्रीचा भात सकाळी कडक दाणेदार लागतो, तोही याच कारणाने. ती सुकली म्हणून कडक झाली असं आपण म्हणतो, पण घट्ट डब्यात ठेवलेली भाकरीसुद्धा कडक होतेच की!

यातली पुढची गंमत अशी. शिळी भाकरी तव्यावर गरम केली की पुन्हा मऊ होते, कारण काही साखळ्यांची पकड साठ-सत्तर अंशांनाच सुटते. काही साखळ्या मात्र अशा चिवट धरून बसतात की त्यांना सोडवायला शंभरच्या बऱ्याच वर जावं लागतं. तेवढा भाग आपल्या लहान आतड्यातल्या पाचक रसांनाही दाद देत नाही. तो न पचता मोठ्या आतड्यात उतरतो आणि तिथल्या जिवाणूंचं जेवण होतो. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ताजे उकडलेले गरम बटाटे आणि रात्रभर गार ठेवून व्हिनेगर घातलेले बटाटे त्यांनी निरोगी माणसांना खाऊ घातले आणि रक्तातली साखर मोजली. दुसऱ्या प्रकारात ती बरीच कमी चढली. म्हणून मधुमेह असलेल्यांनी गार बटाट्याचं ताट भरून घ्यावं असं नाही. न पचणारा भाग एकूण स्टार्चमध्ये थोडाच असतो. पण एकच बटाटा, एकच वजन, आणि फरक मुख्यतः वाट पाहण्याचा आणि आंबटाचा, हे मला अजून पुरतं पचलेलं नाही.

गार बटाटा आणि आंबट ही जोडी जिथे मुरली आहे अशी एक जागा म्हणजे पांतेलेरिया. इटलीचं हे छोटं बेट सिसिली आणि ट्युनिशिया यांच्या मध्ये समुद्रात आहे. ज्वालामुखीतून वर आलेलं, काळ्या दगडाचं, वाऱ्याने झोडपलेलं. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात वाढलेल्या माणसाला त्याचे फोटो ओळखीचे वाटतात, फक्त भोवती समुद्र जास्त. तिथलं ‘इन्सालाता पांतेस्का’ हे सॅलड म्हणजे उकडून गार केलेला बटाटा, टोमॅटो, लाल कांदा, ऑलिव्ह, खारवलेल्या केपरच्या कळ्या, ओरेगॅनो आणि वरून ऑलिव्हचं तेल. मेयोनीज नाही, साय नाही. ‘इन्सालाता’ या शब्दाच्या पोटातच मीठ आहे; मूळ अर्थ मीठ लावलेलं. आपण कोशिंबीर म्हणतो ते यापासून फार लांब नाही.

या सॅलडमधल्या बटाट्याला इटालियन माणूस म्हणतो ‘पाताता’. आपण म्हणतो बटाटा. पोर्तुगीजांनी जहाजातून आणलेला ‘बताता’ आपल्या किनाऱ्यावर बटाटा झाला, तिकडे स्पॅनिश वाटेने गेलेला पाताता झाला. दोन्ही शब्दांचं मूळ कॅरिबियन बेटांवरच्या रताळ्याच्या नावात. आमच्या मराठवाड्यात अर्धी माणसं ‘आलू’च म्हणतात, त्यामुळे हिंगोलीच्या बाजारात इटलीशी असलेलं हे नातं निम्मंच टिकलंय. इटलीतसुद्धा लोकांनी बटाटा सहजी स्वीकारला नव्हता. त्याचा पुरस्कार करणाऱ्यांमध्ये एक होता अलेस्सांद्रो व्होल्टा. पहिली बॅटरी बनवणारा, ज्याच्या नावाने आपण व्होल्टेज मोजतो. उन्हाळ्यात संध्याकाळी फ्रीज घुरघुरून बंद पडतो आणि आत सॅलड ठेवलेलं असतं, तेव्हा मला दोन्ही कारणांसाठी त्याची आठवण होते.

हे सॅलड पुसेगावात करायचं तर पहिला प्रश्न बटाट्याचाच. काही बटाटे शिजले की पिठूळ होऊन फुटतात. ते वड्याला उत्तम. सॅलडला चिकट, अंगाने घट्ट राहणारा हवा. दिसायला दोन्ही सारखेच, मग ओळखायचे कसे? अकरा वाट्या पाण्यात एक वाटी मीठ विरघळवा आणि कच्चे बटाटे त्यात सोडा. ज्यात स्टार्च जास्त तो बटाटा जड, तो बुडतो. ज्यात स्टार्च कमी तो तरंगतो, आणि तोच आपल्याला हवा. एकाच पाटीतून आणलेल्या बटाट्यांपैकी काही तळाशी बसतात, काही वर डोलत राहतात, हे बघायला घरातली पोरं बादलीभोवती जमतात. बुडालेल्यांचे दुसऱ्या दिवशी आलूबोंडे. वाणाचं नाव माहीत असेल तर कुफरी पुखराज बहुतेक वेळा तरंगणाऱ्यांत बसतो. पातळ सालीचा नवा बटाटाही चालतो. हिरवट पडलेला मात्र बाजूला काढा, त्यात सोलॅनिन हे विष वाढलेलं असतं.

कुकर नको. कुकरमध्ये तापमान एकशेवीसच्या आसपास जातं, तिसऱ्या शिट्टीला साल फाटते आणि बाहेरचा थर विरतो. अर्धा किलो मध्यम बटाटे सालासकट पातेल्यात घालायचे, वर गार पाणी, लिटरभर पाण्याला मोठा चमचाभर मीठ, आणि मंद आच. गार पाण्यापासून सुरुवात करायची याला कारण आहे. बटाट्याच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात. पाणी हळूहळू तापताना पन्नास ते साठ अंशांच्या टप्प्यात बटाट्यातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, जागं होतं आणि या पेक्टिनला जास्त घट्ट करतं. थेट उकळत्या पाण्यात टाकलेल्या बटाट्याला ही संधीच मिळत नाही. त्याचं बाहेरचं अंग गळून जातं तेव्हा आत अजून कच्चं असतं.

याच पेक्टिनमुळे आपल्या बायका पिढ्यानपिढ्या एक नियम पाळत आल्या आहेत: बटाटा शिजल्याशिवाय रश्श्यात चिंच किंवा आमसूल घालायचं नाही, नाहीतर तो दगडासारखा राहतो. आंबट पाण्यात पेक्टिन विरघळत नाही, एवढंच त्याचं कारण. माझ्या आजीला पेक्टिन हा शब्द कधी ऐकू आला नसेल, पण ‘आंबट मागून’ हे तिने मला नऊ वर्षांची असताना सांगितलं होतं. सॅलडमध्ये हाच नियम उलटा वापरता येतो. उकळत्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर टाकलं तर फोडी कोपरे सोडत नाहीत. चमचाभरच. जास्त झालं तर आजीचा दगड तयार.

आता खरी कसोटी. सुरी आत सहज गेली की बटाटे काढायचे, हाताला सोसेल इतकेच निवले की साल काढून मोठ्या फोडी करायच्या आणि त्या गरम असतानाच त्यांवर दीड-दोन मोठे चमचे लिंबाचा रस आणि मीठ शिंपडायचं. गार होईपर्यंत थांबायचं नाही. फोड गरम असते तोवर तिच्यातला स्टार्च मोकळा, सैल असतो, रस आत शिरतो. साखळ्या एकदा घट्ट बसल्या की तोच रस फोडीवर नुसता ओघळून ताटलीत जमतो. मी दोन वाट्यांत दोन्ही करून पाहिलं. चव वेगळी ओळखायला डोळे मिटावे लागले नाहीत.

आणि इथे आपलं दह्यातलं बटाट्याचं भरीत बरोबर उलट वाटेने जातं. फराळाच्या भरितात दही कधीही गरम बटाट्यावर घालत नाहीत. उष्णतेने दह्यातलं प्रथिन आवळतं, पाणी सुटतं, सगळं फाटतं. म्हणून बटाटा गार, मग दही, मग दाण्याचं कूट, वरून तुपाची जिऱ्या-मिरचीची फोडणी. एकाच बटाट्याला आंबट द्यायचं, पण तिकडे आंबट आत मुरवतात आणि इकडे ते अंगाभोवती लपेटतात. भरितातली फोड आतून गोडसर राहते ती यामुळेच.

सॅलडला तेल शेवटी, फोडी कोमट झाल्यावर, चार मोठे चमचे. आधी तेल घातलं तर ते फोडीभोवती पातळ आवरण धरतं आणि रसाला आत जाऊ देत नाही. ऑलिव्हचं तेल मिळालं तर छानच. नाही मिळालं तर मराठवाड्याला कच्च्या तेलाची ओळख कोणी करून द्यायला नको. ठेच्यावर, चटणीवर घाण्याचं करडईचं तेल कच्चं ओतून भाकरी खाणाऱ्यांना तेल हीच एक चव असते हे ठाऊक आहे. तेल घालून फोडी हलक्या हाताने हलवा, थोडे कोपरे मुद्दाम मोडू द्या. मोडलेल्या कोपऱ्यांतून निसटलेला स्टार्च लिंबाचा रस आणि तेलाचे थेंब यांना एकमेकांत धरून ठेवतो, आणि काहीही दुधाचं न घालता ताटात सायीसारखं दाट काहीतरी तयार होतं. मेयोनीजची गरज लागत नाही ती इथे.

ओरेगॅनोसाठी परसात जा. जाड, लवदार, चुरडलं की नाकात भरणारं पानओव्याचं पान आपण भज्यांसाठी लावतो. त्याच्या वासातला मोठा वाटा कार्व्हाक्रोल या द्रव्याचा, आणि ओरेगॅनोचा वासही मुख्यतः त्याचाच. झाडं वेगवेगळ्या खंडांतली, वास एकच. एक लहान पान बारीक चिरून घातलं तरी पुरतं.

केपरवर मात्र मी सगळ्यात जास्त थबकले. पांतेलेरियाच्या केपरला १९९६ पासून युरोपात भौगोलिक मानांकन आहे, जसं आपल्या वसमतच्या हळदीला आहे. केपर म्हणजे कॅपॅरिस या कुळीतल्या एका काटेरी झुडपाच्या न उमललेल्या कळ्या, मिठात मुरवलेल्या. याच कुळीतली एक काटेरी वेल आपल्या रानात, बांधावर वाढते. तिचं नाव वाघाटी. आषाढी एकादशीचा उपवास बारशीला सोडताना जिची भाजी काही घरांत लागतेच, ती. त्या बेटावर कळी खातात, आपण फळ. म्हणजे एकादशीला बटाटा आणि बारशीला वाघाटं खाणाऱ्या घराने त्या सॅलडमधल्या दोन गोष्टींना आधीच ताटात जागा दिली होती, फक्त एका दिवसाच्या अंतराने.

बाजारात केपर मिळत नाहीत, आणि वाघाटी कळ्यांचा प्रयोग मी करणार नाही. खारातली कैरी बारीक चिरून घालते. खारट, आंबट, दाताखाली करकरणारी. लाल कांदा पातळ कापून दहा मिनिटं पाण्यात, दोन टोमॅटो बिया काढून. सगळं एकत्र करून झाकून फ्रीजमध्ये, निदान चार तास. बेचाळीस अंशांच्या दुपारी बाहेर ठेवू नका. उकडलेला बटाटा जिवाणूंनाही तितकाच आवडतो. कच्चे बटाटे मात्र फ्रीजबाहेरच बरे, थंडीत त्यांचा स्टार्च साखरेकडे वळतो आणि चव गोडमिट्ट होते.

जेवायच्या आधी पंधरा मिनिटं बाहेर काढून ठेवते, फार थंड असलं तर तेलाची चव झोपलेली राहते. पहिली फोड मी नेहमी बोटाने उचलते आणि मधोमध मोडून आत बघते. कडेपासून आतपर्यंत रंग थोडा गडद झालेला असतो, जिथवर लिंबू पोचलं तिथवर. मग ज्वारीची भाकरी.