उंची सांभाळणारी जुनी गाडी आणि तिचं तेल

आजचा विषय जरा आडवळणाचा वाटेल. मागं माणसं बसली, डिकीत पोती टाकली, तरी जिची मागची बाजू खाली बसत नाही अशा जुन्या गाडीचं हायड्रॉलिक तेल कसं बदलायचं, हे आपण बघणार आहोत. अशा गाड्या आपल्या करवीर तालुक्यात क्वचितच दिसतात. पण त्यांच्यातलं तत्त्व गडमुडशिंगीच्या शिवारात रोज चालतं, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

ट्रॅक्टरला नांगर जोडला आहे आणि मध्येच कडक जमीन लागली. नांगर जड झाला की लिफ्ट आपोआप थोडी वर येते, जमीन मऊ लागली की पुन्हा खाली जाते. ड्रायव्हरनं लिव्हरला हातही लावलेला नसतो. ओढीचा जोर एका दांड्यातून व्हॉल्व्हपर्यंत पोचतो आणि व्हॉल्व्ह तेल सोडतो किंवा अडवतो. हॅरी फर्ग्युसन यांनी ही युक्ती ट्रॅक्टरवर आणली आणि १९३६ पासून तसे ट्रॅक्टर बाजारात आले.

उंची सांभाळणाऱ्या गाडीत हेच घडतं, फक्त तिथं ओढीऐवजी उंची मोजली जाते. वजन पडून गाडी खाली बसली की चाकाच्या बाजूचा दांडा व्हॉल्व्ह फिरवतो, पंपाचं तेल सिलिंडरमध्ये जातं आणि गाडी पूर्वीच्या उंचीला येते. माणसं उतरली की जादा तेल टाकीत परत जातं. मग स्प्रिंगचं काम कोण करतं? लोखंडी गोळ्यात भरलेला नायट्रोजन वायू. गोळ्याच्या मध्ये रबराचा पडदा असतो, एका बाजूला वायू आणि दुसऱ्या बाजूला तेल. खड्डा आला की तेल वायूला दाबतं.

फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीनं १९५५ साली डीएस ही गाडी आणली, तेव्हा चारही चाकांना ही रचना होती. पॉल माजेस हे तिच्यामागचे प्रमुख तंत्रज्ञ. त्या गाडीत ब्रेकही याच तेलावर चालत, आणि बहुतेक मॉडेलांत स्टिअरिंगसुद्धा. हे लक्षात ठेवा. आपण ‘सस्पेन्शनचं तेल’ म्हणतो, पण तेल चुकलं तर गाडी खाली बसते आणि ब्रेकही जातो.

आता मुख्य मुद्दा. तेल आणि सील यांची जोडी असते. गॅरेजमध्ये काम करणाऱ्यांना हे अनुभवानं ठाऊक आहे. ब्रेकच्या सिलिंडरचे रबरी कप कुणी डिझेलनं धुतले तर ते फुगतात आणि ब्रेक जाम होतो. ब्रेक फ्लुइडसाठी बनवलेलं रबर खनिज तेलात टिकत नाही. उलटंही तेवढंच खरं. खनिज तेलाचं नायट्राइल रबर ब्रेक फ्लुइडमध्ये खराब होतं.

डीएसमध्ये आधी एलएचएस नावाचं लाल तेल होतं. ते ब्रेक फ्लुइडच्या जवळचं, हवेतला ओलावा शोषून घेणारं. ओलावा आला की आतून गंज धरतो, आणि या यंत्रातले भाग इतके नेमके बसवलेले असतात की गंजाचा कणसुद्धा व्हॉल्व्ह अडकवतो. म्हणून १९६६ च्या सुमारास कंपनी एलएचएम या हिरव्या खनिज तेलावर आली. सगळे सील बदलले आणि ओळख पटावी म्हणून हायड्रॉलिक भागांना हिरवा रंग दिला. म्हणजे बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या दोन डीएस, पण एकीचं तेल दुसरीत ओतलं तर सील वाया. रोल्स-रॉइसचंही तसंच. १९६५ च्या सिल्व्हर शॅडोला ब्रेक फ्लुइडच्या जातीचं तेल, १९८० च्या सिल्व्हर स्पिरिटला खनिज तेल. जुन्या मर्सिडीजच्या स्टेशन वॅगनमध्ये ही रचना फक्त मागच्या चाकांना असते. तिचं तेल खनिजच, पण ब्रेकची व्यवस्था वेगळी.

त्यामुळं कामाची पहिली पायरी पान्याची नाही, ओळखीची. टाकीवरचं लेबल वाचा, भागांचा रंग बघा, गाडीचं पुस्तक काढा. फक्त टाकीतल्या तेलाच्या रंगावर जाऊ नका. आधीच्या माणसानं काय ओतलंय हे रंग सांगत नाही. खात्री होत नसेल तर ओतू नका.

पुढच्या पायऱ्या एलएचएम असलेल्या जुन्या सित्रोएनच्या धरून सांगतो. गाडी सपाट, पक्क्या जागेवर लावा. उंचीचा लिव्हर सगळ्यात खाली आणा, गाडी पूर्ण बसू द्या, मग इंजिन बंद करा. प्रेशर रेग्युलेटरवर दाब सोडायचा स्क्रू असतो, तो एखादा फेरा सैल करा. पूर्ण काढायचा नाही. तेल टाकीकडं परत जाताना सुस्कारा सोडल्यासारखा आवाज येईल. तो थांबल्याशिवाय कुठलाही पाइप खोलू नका.

त्यानंतर टाकीतलं तेल काढा, आतल्या जाळ्या स्वच्छ पेट्रोलनं धुऊन हवेनं वाळवा, टाकीचा तळ धागे न सुटणाऱ्या कापडानं पुसा. नवीन तेल भरा. स्क्रू सैल ठेवूनच इंजिन मंद चालू करा, म्हणजे पंपातली हवा निघेल, आणि मग स्क्रू आवळा. लिव्हर वर-खाली काही वेळा करा, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा, ब्रेक दाबत राहा. शेवटी गाडी सगळ्यात वरच्या उंचीला, इंजिन चालू, अशा स्थितीत टाकीवरच्या खुणांमध्ये पातळी बघा. गाडी खाली असताना खुणेपर्यंत भरलं तर अंदाज चुकतो.

टाकी रिकामी केली म्हणजे सगळं तेल बदललं असं नाही. सिलिंडर आणि पाइपांत बरंच जुनं उरतं. तेल फार काळं निघालं असेल तर काहीशे किलोमीटर चालवून पुन्हा एकदा बदलणं शहाणपणाचं. आणि गाडी दगडासारखी आदळत असेल तर तेल बदलून फरक पडणार नाही. गोळ्यातला नायट्रोजन कमी झालाय, गोळा बदलायला हवा किंवा पुन्हा भरायला हवा.

आता जिवाच्या दोन गोष्टी. एक, या रचनेत दाब साधारण १५० ते १७० बार असतो, म्हणजे गाडीच्या टायरमधल्या हवेच्या सत्तरेक पट. दाब गेला की गाडी खाली येते, आणि सांगून येत नाही. नुसत्या सस्पेन्शनच्या भरवशावर गाडीखाली किंवा चाकाच्या कमानीत हात घालू नका. भक्कम स्टँड लावा. उचललेल्या ट्रॉलीखाली, उचललेल्या रोटाव्हेटरखाली जाणाऱ्यांनाही हेच लागू आहे. ऊस वाहतुकीच्या घाईत हे विसरलं जातं.

दोन, गळती बोटानं शोधू नका. बारीक छिद्रातून दाबानं येणारं तेल कातडीत शिरतं. बाहेर सुई टोचल्याएवढी खूण, दुखतंही थोडंच. पण आत ते पसरत जातं आणि उशीर झाला तर बोट, कधी हातसुद्धा गमवावा लागतो. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून गळती शोधा. लागलंच तर हळद-मलम करत बसू नका. त्याच तासात शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जा आणि ‘दाबाचं तेल आत गेलंय’ हे शब्द वापरून सांगा.

काढलेलं तेल गटारात गेलं की ओढ्यात जातं, ओढ्यातून पंचगंगेत. दाराला वाळवी लागू नये म्हणून काळं तेल फासायची आपल्याकडं सवय आहे, तीही बरी नव्हे. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणं वापरलेलं तेल नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडं जायला हवं. वेगळ्या कॅनमध्ये, झाकण लावून, ब्रेक फ्लुइडमध्ये न मिसळता साठवा.

आणि शेवटचं. काम झालं की टाकीला एक चिठ्ठी बांधा: तेलाचं नाव, तारीख, किलोमीटर. ट्रॅक्टरलाही बांधा. त्याच्यात तर बऱ्याचदा गिअर, लिफ्ट आणि तेलात बुडालेले ब्रेक असं सगळं एकाच तेलावर असतं. पुढच्या मिस्त्रीला तुम्ही काय ओतलं हे कळलं, तर त्याला अंदाज करावा लागणार नाही. चिठ्ठीला खर्च काही नाही. सील, पंप आणि ब्रेक मात्र तिच्यामुळं वाचतात. आता तुमचे प्रश्न घेऊ.