सिल्की टेरियर : पाच किलोचा सोबती, पंधरा वर्षांची जबाबदारी

"आई, आपण कुत्रा पाळू या ना!" हा हट्ट आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कधी ना कधी झाला असेल. त्यावर आईबाबांचे उत्तरही ठरलेले : "घेतलाच तर छोटासा घेऊ. छोट्याचा खर्च कमी, त्रास कमी." आमच्या घरी गेली नऊ वर्षे एक सिल्की टेरियर आहे. त्या अनुभवावरून सांगते, कुत्रा लहान असला म्हणून जबाबदारी लहान होत नाही. काही बाबतीत तर ती वाढतेच.

ही जात घडली ती ऑस्ट्रेलियातच. इंग्लंडहून आलेले यॉर्कशायर टेरियर आणि इथले ऑस्ट्रेलियन टेरियर यांच्या संकरातून ती तयार झाली. पूर्वी तिला 'सिडनी सिल्की' म्हणत. १९५५ साली 'ऑस्ट्रेलियन सिल्की टेरियर' हे नाव अधिकृत झाले. उंची साधारण २३ ते २६ सेंटिमीटर, वजन ४ ते ५ किलो, केस सरळ, रेशमी, निळसर आणि तांबूस. आयुष्य १२ ते १५ वर्षे. इथे तिची गणना 'टॉय' गटात होते, पण स्वभाव खेळण्यातल्या बाहुलीचा नाही. टेरियर म्हणजे मुळात उंदीर-घुशी पकडणारा कुत्रा. तो भुंकतो, माती उकरतो, पाखरामागे धावतो. त्याला रोज फिरायला न्यावेच लागते. दिवसभर एकटा ठेवला तर भुंकून शेजाऱ्यांना हैराण करतो.

केस कमी गळतात म्हणून दम्याच्या रुग्णाला तो चालतो, असा एक समज आहे. ॲलर्जी मुख्यतः कुत्र्याच्या लाळेमुळे आणि त्वचेच्या कोंड्यामुळे होते, केवळ केसांमुळे नव्हे. घरात कुणाला दमा असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे.

आपले स्वयंपाकघर

कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात. शिजवल्याने हा दोष जात नाही आणि लक्षणे काही दिवसांनीही दिसू शकतात. द्राक्षे आणि मनुका यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकते. म्हणजे शिऱ्याचा प्रसादसुद्धा चालत नाही. चॉकलेट वर्ज्यच. मधुमेही मंडळींनी आणखी एक नाव लक्षात ठेवावे : झायलिटॉल. बिनसाखरेच्या च्युइंगमात आणि गोळ्यांत ते असते. त्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते. आपली पॅरासिटामॉल वा आयबुप्रोफेनची गोळीही कधी देऊ नये. तीस किलोच्या कुत्र्याला जे कदाचित सोसेल, ते पाच किलोच्या जिवाला सोसत नाही.

भारतातून आलेले आजी-आजोबा प्रेमाने विचारतात, "पोळीचा तुकडा दिला तर काय बिघडलं?" कोरड्या पोळीच्या छोट्या तुकड्याने काही बिघडत नाही, आमटीत बुडवलेल्या तुकड्याने बिघडते. मी फोडणीआधीच थोडा साधा भात आणि उकडलेले गाजर बाजूला काढते, म्हणजे आजींचाही मान राहतो. चुकून काही खाल्लेच तर घरगुती उपायांत वेळ न घालवता ताबडतोब व्हेटला फोन करावा.

गोचीड, दात आणि गुडघे

क्वीन्सलँडपासून सिडनीमार्गे पूर्व व्हिक्टोरियापर्यंतच्या किनारी भागात पक्षाघात आणणारी गोचीड आढळते. तशी एकच गोचीड कुत्र्याचा जीव घेऊ शकते. मागचे पाय लटपटणे, भुंकण्याचा आवाज बदलणे, उलटी, धाप लागणे ही तिची लक्षणे. व्हेटच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध नियमित द्यावे आणि तरीही रोज बोटांनी अंग चाचपावे. सिल्कीच्या लांब केसांत ती सहज लपते. डासांमुळे होणाऱ्या हृदयातील जंतांवरही औषध लागते.

लहान जातींमध्ये दात-हिरड्यांचे आजार लवकर होतात, गुडघ्याची वाटी सरकते आणि श्वासनलिका नाजूक असते. म्हणून दात घासावेत, सोफ्यावरून उड्या मारू देऊ नयेत आणि गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीवरचा हार्नेस वापरावा.

पैशांचे गणित

कुत्र्याला मेडिकेअर नाही. गोचीड चावल्यावर रुग्णालयात ठेवावे लागले तर बिल हजारो डॉलरांत जाऊ शकते. विमा घ्यायचा तर पिल्लू निरोगी असतानाच घ्यावा, कारण आधीपासूनच्या आजारांचा खर्च सहसा मिळत नाही. प्रतीक्षा काळ, वार्षिक मर्यादा आणि आपल्याला भरावा लागणारा हिस्सा वाचूनच सही करावी. दुसरा मार्ग वेगळ्या खात्याचा : महिन्याला ६० डॉलर बाजूला टाकले तर पाच वर्षांत ३,६०० डॉलर जमतात. मात्र पहिल्याच वर्षी मोठा आजार आला तर खात्यात फार काही नसते, हेही ध्यानात घ्यावे.

मायक्रोचिप आणि नोंदणी कायद्याने बंधनकारक आहे. न्यू साउथ वेल्समध्ये नोंदणी एकदाच, आयुष्यभरासाठी. व्हिक्टोरियात काउन्सिलकडे दरवर्षी. नसबंदी केलेल्या कुत्र्याला शुल्क कमी पडते. पिल्लू प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कुणालाही आगाऊ रक्कम पाठवू नये.

भारतात जाताना

आपल्या लोकांना हा प्रश्न हमखास पडतो. भारत ऑस्ट्रेलियाच्या मान्यताप्राप्त देशांच्या यादीत नाही, त्यामुळे तिथे नेलेला कुत्रा थेट परत आणता येत नाही. आधी यादीतल्या दुसऱ्या देशात नेऊन लांबलचक आणि खर्चिक प्रक्रिया करावी लागते. म्हणजे चार-सहा आठवड्यांच्या भारतभेटीत त्याला इथेच कुणाकडे तरी ठेवावे लागणार. तो खर्च विमानाच्या तिकिटांबरोबरच धरावा.

पिल्लू आणण्यापूर्वी सर्वांनी एकत्र बसून ठरवावे : रोज फिरवणार कोण, अचानक आलेले बिल भरणार कशातून, भारतात जाताना ठेवणार कुणाकडे? आज दहा वर्षांची मुलगी युनिव्हर्सिटी संपवून घराबाहेर पडेल, तेव्हाही तो कुत्रा दाराशी वाट पाहत असेल. या प्रश्नांची उत्तरे तयार असतील तर जरूर आणा. इतका लोभ लावणारा प्राणी दुसरा नाही!