हत्याराला धार, फोटोला उजेड: सुतारकाकांच्या पडवीत शिकलेला धंदा



मागच्या व्हिडिओनंतर एका मुलाचा मेसेज आला. तारापूर एमआयडीसीत कंत्राटावर काम करतो, शिफ्ट संपली की फोटो काढतो. त्याने विचारलं, "सर, नोकरी सोडून प्रॉडक्ट फोटोग्राफी सुरू करायचीय. ६२ हजारांचा कॅमेरा हप्त्यावर मिळतोय. घेऊ का?"

मी बीबीए केलंय, दुकान चालवतो, तुम्हाला धंद्याच्या चार गोष्टी सांगतो. तरी या प्रश्नाला मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण ही चूक मी स्वतः केलीय. चॅनल सुरू करताना महागडा कॅमेरा आणि तीन लाइट हप्त्यावर घेतले. पहिले अकरा महिने कॅमेरा कपाटात आणि हप्ता दर ५ तारखेला दारात. व्हिडिओ मी फोनवरच काढत होतो.

म्हणून रविवारी बोईसरहून लोकल पकडली आणि पालघरला सुतारकाकांकडे गेलो. वडिलांच्या काळापासूनचं आमच्या हार्डवेअर दुकानाचं गिऱ्हाईक. चौदाव्या वर्षी बापाच्या हाताखाली रंधा धरला. पालघर, केळवे, माहीम इथल्या घरांची सागवानी दारं-खिडक्या केल्या, सातपाटीला होड्यांच्या दुरुस्तीला हात लावला आणि शेवटची काही वर्षं एमआयडीसीतल्या कारखान्यांसाठी लाकडी पॅलेट ठोकले. आता निवृत्त आहेत. आणि छंद कुठला, तर फोटोग्राफी!

तीनदा उसनं, चौथ्यांदा विकत

पडवीत भिंतीला हत्यारं टांगलेली. करवती, पटाश्या, गिरमिट, गुण्या, वाकस, लहानमोठे रंधे. मी मुलाचा प्रश्न सांगितला. काका हसले.

"तुला काय वाटतं, ही सगळी मी एका दिवशी आणली? पहिल्या वर्षी माझ्याकडे एक करवत, एक रंधा आणि दोन पटाश्या. बाकी सगळं बापाचं नाहीतर शेजाऱ्याचं. माझा नेम असा होता, एक हत्यार तीनदा उसनं घ्यावं लागलं, की चौथ्यांदा विकत घ्यायचं. तीनदा मागायची वेळच आली नाही, तर त्या हत्याराचं काम माझ्याकडे नाहीच."

मित्रांनो, हे वाक्य वहीत लिहून ठेवा. आपण काय करतो? आधी मशीन आणतो, मग काम शोधतो. काकांनी कामाला हत्यार मागू दिलं.

आता हिशेब बघू. ६२ हजार भागिले २४ महिने, म्हणजे व्याज न धरता महिन्याला साधारण २,६०० रुपये. एका ऑर्डरला ८०० मिळाले तर तीन ऑर्डरचे होतात २,४००. म्हणजे चौथी ऑर्डर येईपर्यंत तुम्ही फक्त कॅमेऱ्यासाठी राबताय. रिक्षा, जेवण, स्वतःची मजुरी हे सगळं त्यानंतर. आज दर महिन्याला चार ऑर्डर हातात आहेत का? नसतील तर कॅमेरा भाड्याने घ्या, नाहीतर फोन वापरा.

धार लावायचा वेळ कोण देणार?

काका सकाळचा पहिला अर्धा तास धारेच्या दगडाला द्यायचे. बोथट पटाशी जास्त जोर मागते आणि जास्त जोर लावला की ती सटकते. लाकूडही जातं आणि बोटही.

"पण तो अर्धा तास मी कधी गिऱ्हाइकाकडून घेतला नाही," काका म्हणाले. "तीच माझी चूक. लाकडाचे पैसे घेतले, ठोकण्याचे घेतले. धारेचे, मापं घ्यायला जाण्याचे, लाकूड निवडण्याचे सोडून दिले."

एक पोळपाट धरा. लाकूड, पॉलिशपेपर, तेल मिळून खर्च २०० रुपये. विकला ३५० ला. १५० सुटले म्हणून आपण खूष. पण धार लावणं, काम आणि पोचवणं मिळून तास लागले तीन. म्हणजे पडले तासाला ५० रुपये. स्वतःचा तास १०० चा धरला, तर तोच पोळपाट ५०० च्या खाली विकायला परवडत नाही, आणि यात नफा अजून धरलेलाच नाही. फोटोवाल्यांनाही हेच लागू. बॅटरी चार्ज करणं, वस्तू पुसणं, फोटो निवडणं, गिऱ्हाइकाला चारदा पाठवणं, ही सगळी तुमची धार. ती बिलात धरा.

चाळीस वर्षांचं काम आणि एकही फोटो नाही

मग मी विचारलं, "काका, तुम्हाला फोटोचा नाद कधी लागला?"

ते थोडं थांबले. एका जुन्या घरासाठी त्यांनी कोरीव सागवानी दार केलं होतं. वेलबुट्टी, मध्ये कमळ, साडेतीन महिने काम. त्या घराच्या जागी बिल्डिंग आली. काकांना कळलं तोपर्यंत दार भंगारवाल्याकडून पुढे कुठेतरी गेलं होतं.

"जन्मात केलेलं सगळ्यात चांगलं काम. आता कुणाला सांगितलं, तर म्हातारा थापा मारतो असं वाटेल. माझ्याकडे फक्त पटाशी उरली, जिने ते कमळ काढलं."

पॅलेटच्या कामाचंही तसंच. परदेशी माल पाठवताना लाकडी पॅकिंगला नियम आहे. लाकूड तापवताना त्याच्या गाभ्याचं तापमान ५६ अंश सेल्सिअसला सलग किमान ३० मिनिटं ठेवायचं, मग त्यावर अधिकृत शिक्का. शिक्का पडायचा प्रक्रिया करणाऱ्याचा, बिल जायचं कंत्राटदाराच्या नावाने. ठोकणाऱ्याचं नाव कुठेच नाही.

त्या दारानंतर काकांनी मुलाचा जुना फोन घेतला आणि उरलंय त्याचे फोटो काढायला लागले. हत्यारं, सांधे, ओळखीच्या घरांतले देव्हारे, सातपाटीच्या होड्या. त्यातला एका देव्हाऱ्याचा फोटो पुतण्याने स्टेटसला ठेवला आणि त्याला तशाच दोन देव्हाऱ्यांची ऑर्डर मिळाली. म्हणजे काकांच्या फोटोवर पुतण्याची भट्टी पेटली!

सुतारकाम आणि कॅमेरा, नातं जुनं आहे

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर तुम्हाला माहीत असतील. मूळ आडनाव मेस्त्री, घराणं कारागिरांचं, चित्रकला-शिल्पकला हातात. आनंदराव आणि बाबूराव हे भाऊ नाटकांचे पडदे रंगवायचे. सिनेमा बघून वेड लागलं आणि आनंदरावांनी स्वतःच कॅमेरा बनवायला घेतला. १९१६ ला ते गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या साथीने १९१८ मध्ये तो कॅमेरा पुरा केला. पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० ला आला. तयार कॅमेरा नाही म्हणून ते अडून बसले नाहीत. हातात जी कारागिरी होती, तिथूनच त्यांनी सुरुवात केली.

काकांचे फोटोचे चार नियम

१. फ्लॅश बंद. वस्तू खिडकीजवळ ठेवा, उजेड बाजूने येऊ द्या. समोरून उजेड पडला की लाकडाच्या रेषा सपाट दिसतात, बाजूने पडला की उठून दिसतात.

२. दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा करा. काळी सावली हलकी होते.

३. आधी फोनची लेन्स सुती कापडाने पुसा. झूम न करता जवळ जा.

४. एक फोटो पूर्ण वस्तूचा, एक सांध्याचा, एक हातात धरलेला. हातामुळे गिऱ्हाइकाला आकार कळतो.

मग मुलाला काय सांगितलं?

नोकरी सोडू नको. दोन महिने फोनवर काम कर, बोईसरमधल्या पाच दुकानदारांचे फोटो काढ, पैसे घेऊन काढ, फुकट नको. महिन्याला चार ऑर्डर सलग तीन महिने आल्या, तर आपण कॅमेऱ्याचं बोलू.

आणि तुमच्यापैकी कुणी सुतार, होडी बनवणारे, जाळी विणणारे असाल, तर १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना नीट बघा. १८ पारंपरिक व्यवसाय त्यात आहेत. हत्यारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आहे, आणि तारण न ठेवता ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत कर्ज आहे. फोटोग्राफी त्या यादीत नाही. कर्ज मिळतंय म्हणून घेऊ नका, आधी काकांचा तीनदा-उसन्याचा नेम लावा.

निघताना काकांनी दाराच्या उजेडात एका पटाशीचा फोटो काढला. हल्ली त्यांचा हात थरथरतो, रंधा मारता येत नाही. त्यांनी रंधा उभा करून त्याला फोन टेकवला आणि बटण दाबलं. फोटो जराही हलला नाही.

"बघ," म्हणाले, "अजून कामाला येतोय."

ती पटाशी कमळवाली होती. या आठवड्यात तुमचं काम एवढंच: आजवर केलेलं सगळ्यात चांगलं काम शोधा आणि ते कुणाच्या घरातून जायच्या आत त्याचा फोटो काढून ठेवा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.