गिऱ्हाईक एकच, मग भाव कोणी ठरवायचा?

आरोग्याचे अर्थकारण : लेखांक ७

कॅनडात डॉक्टरकडे गेलेल्या माणसाला खिशात हात घालावा लागत नाही, हे आपण गेल्या आठवड्यात पाहिले. बिल प्रांतिक सरकारकडे जाते. रुग्णापुरता विषय तिथे संपतो. डॉक्टरचा तिथे सुरू होतो. त्याला आता गिऱ्हाईक एकच उरलेले असते आणि तेच गिऱ्हाईक कायदेही करते. अशा गिऱ्हाइकाशी भाव कसा करायचा, हा आजचा विषय.

आधी एक गैरसमज दूर करू. तिथले बहुतेक डॉक्टर सरकारी नोकर नाहीत. आपल्याकडच्या खासगी डॉक्टरांसारखे ते स्वतःचा व्यवसाय करतात, फक्त दर त्यांच्या हातात नसतात. ओंटारियो प्रांताचे एक जाडजूड दरपत्रक आहे. त्यात हजारो सेवांपुढे क्रमांक आणि रक्कम छापलेली असते. फॅमिली डॉक्टरच्या नेहमीच्या तपासणीचा क्रमांक ‘ए ००७’. २०१० नंतरच्या दशकात बरीच वर्षे तिचा दर ३३ डॉलर ७० सेंट होता. नोंदणी केलेल्या रुग्णामागे ठरावीक रक्कम घेणारे डॉक्टरही पुष्कळ आहेत, पण ती रक्कमही वाटाघाटीतच ठरते. या पैशातून जागेचे भाडे, मदतनिसांचे पगार, संगणक, विमा असे सगळे भागवायचे आणि उरेल ते डॉक्टरचे. म्हणून ‘डॉक्टरांना अमुक टक्के वाढ’ अशी बातमी तिथे येते, तेव्हा ती पगारवाढ नसते. दवाखान्याच्या एकूण जमेतली ती वाढ असते आणि तिच्यातला मोठा हिस्सा खर्चात जातो.

या व्यवस्थेची सुरुवात भांडणातून झाली. १ जुलै १९६२ रोजी सस्कॅचेवान प्रांताने सर्वांसाठी सरकारी वैद्यकीय विमा लागू केला आणि त्याच दिवशी तिथल्या बहुसंख्य डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. योजनेचे स्वप्न टॉमी डग्लस यांचे, पण संप अंगावर घेण्याची वेळ त्यांच्यानंतर आलेले मुख्यमंत्री वुड्रो लॉइड यांच्यावर आली. सरकारने ब्रिटनमधून डॉक्टर आणले. स्टीफन टेलर हे ब्रिटिश डॉक्टर आणि मजूर पक्षाचे लॉर्ड मध्यस्थ म्हणून धावपळ करत राहिले आणि २३ जुलैला सास्काटून इथे समझोता झाला. योजना राहिली. डॉक्टरही नोकर न होता स्वतंत्र राहिले, आणि दर सेवेमागे पैसे घेण्याची पद्धत कायम झाली. कॅनडातल्या डॉक्टरांचे आजचे स्थान त्या तीन आठवड्यांत ठरले आहे.

एक वाट मात्र उघडी राहिली होती. सरकारी दर कमी वाटला तर डॉक्टर रुग्णाकडून वरचे पैसे घेऊ शकत होते. सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती एमेट हॉल यांच्याकडे या प्रश्नाचा अभ्यास सोपवला गेला. १९८० च्या अहवालात त्यांनी दोन गोष्टी एकत्र सांगितल्या. वरचे पैसे बंद करा, नाहीतर पैसेवाल्यांची एक आणि गरिबांची एक अशा दोन रांगा लागतील. आणि ते बंद करणार असाल, तर दराची बोलणी फिसकटल्यावर डॉक्टरांना त्रयस्थ लवादाकडे जाण्याचा हक्क द्या, कारण आपली सेवा मिळेल त्या भावाला विकण्याची सक्ती कुणावरही करता येत नाही.

मला हॉल यांचा हा विचार या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा वाटतो. डॉक्टरकडून एक हक्क काढून घ्यायचा तर त्याच्या बदल्यात दुसरा द्यायला हवा, हे त्यांनी स्वच्छ शब्दांत मांडले. १९८४ च्या कॅनडा आरोग्य कायद्यात दोन्ही गोष्टी आल्याही. जो प्रांत वरचे पैसे घेऊ देईल, त्याच्या केंद्रीय अनुदानातून तेवढीच रक्कम कापली जाईल, असे ठरले. डॉक्टरांना वाजवी मोबदला मिळावा आणि त्यासाठी वाटाघाटी व लवादाची सोय असावी, हेही कलमांत आले. पण अनुदान कापण्याची धार पहिल्या अर्ध्याला जितकी होती, तितकी दुसऱ्याला नव्हती. पहिला अर्धा झपाट्याने अमलात आला.

ओंटारियोत वरच्या पैशांवर बंदी आली ती १९८६ साली. तिच्याविरुद्ध ओंटारियो मेडिकल असोसिएशनने २५ दिवस संप केला आणि तो फसला. रुग्णाकडून जास्त पैसे घेण्याच्या हक्कासाठी रुग्णालाच ताटकळत ठेवणे लोकांना पटण्यासारखे नव्हते, मलाही पटत नाही. १९९१ मध्ये या संघटनेला एक बळ मिळाले. प्रांतातल्या प्रत्येक डॉक्टरने तिची वर्गणी भरलीच पाहिजे, असा कायदा झाला. तेव्हापासून सरकारसमोर सगळ्यांच्या वतीने तीच बसते. पक्का, टिकणारा लवाद मात्र मिळायला २०१७ उजाडले.

त्याआधीची पाच वर्षे मुद्दाम पाहण्यासारखी आहेत. २०१२ मध्ये बोलणी फिसकटताच सरकारने काही दर एकतर्फी कापले. २०१५ मध्ये पुन्हा तेच घडले. निवृत्त मुख्य न्यायमूर्ती वॉरन विंकलर यांनी समेटाचा प्रयत्न केला आणि सरकारचा प्रस्ताव स्वीकारावा असे डॉक्टरांना सुचवले, पण त्यांचा शब्द कुणावरच बंधनकारक नव्हता. संघटनेने नकार दिला. सरकारने सर्व बिलांतून २.६५ टक्के कापायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आणखी १.३ टक्के. संघटना कोर्टात गेली. ऑगस्ट २०१६ मध्ये नेत्यांनी एक तडजोड करून आणली, तर सुमारे ६३ टक्के सभासदांनी ती फेटाळली. पुढच्या फेब्रुवारीत कार्यकारिणीतल्या पदाधिकाऱ्यांनी राजीनामे दिले. सरकारवर विश्वास नाही आणि स्वतःच्या नेत्यांवरही नाही, अशा अवस्थेला हा व्यवसाय पोचला होता. त्यानंतर बंधनकारक लवादाचा करार झाला.

आता क्रम ठरलेला आहे. आधी समोरासमोर वाटाघाटी, मग मध्यस्थी आणि तेवढ्यावर भागले नाही तर तीन जणांचे लवाद मंडळ. एक सदस्य सरकारचा, एक डॉक्टरांचा आणि अध्यक्ष त्रयस्थ. त्याचे बळ २०२४ मध्ये दिसले. संघटनेने एका वर्षासाठी २२.९ टक्के वाढ मागितली होती आणि सरकार ३ टक्क्यांवर अडून बसले होते. डॉक्टर मिळणे आणि टिकणे ही फार मोठी चिंता नाही, असा युक्तिवाद सरकारने केला. प्रांतात वीस लाखांहून अधिक लोकांना फॅमिली डॉक्टर नसताना केलेल्या या विधानावर गदारोळ झाला. विल्यम कॅप्लान यांच्या अध्यक्षतेखालच्या मंडळाने टंचाईचा मुद्दा ग्राह्य धरला आणि सप्टेंबरमध्ये ९.९५ टक्के वाढ दिली. दोघांनाही आपले म्हणणे पुराव्यानिशी मांडावे लागले आणि दवाखाने चालू राहिले. लवादाचा हा दुसरा लाभ मला पहिल्याइतकाच मोठा वाटतो.

मिळालेली वाढ आपसांत वाटताना मात्र संघटनेची खरी कसोटी लागते. यंत्रे सुधारली तसा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला लागणारा वेळ घटला, तपासण्यांच्या प्रतिमा भराभर वाचता येऊ लागल्या. पण मनोविकारतज्ज्ञाचे तासभराचे बोलणे तासभरच राहिले. त्यामुळे काही शाखांची कमाई वेगाने वाढली आणि बालरोगतज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ, फॅमिली डॉक्टर मागे पडले. ही दरी बुजवायची म्हणजे वरच्या शाखांना कमी द्यायचे. २०१८ मध्ये काही तज्ज्ञांनी वेगळी संघटना काढून बाहेर पडण्याचा प्रयत्न केला, त्यामागे मुख्यतः हीच धास्ती होती.

सरकारने करारच मोडला तर काय होते, यासाठी शेजारच्या नव्हे, पण त्याच देशातल्या अल्बर्टा प्रांताचे उदाहरण थोडक्यात सांगतो. तिथल्या सरकारने कायदा करून स्वतःकडे करार मोडण्याचा अधिकार घेतला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये डॉक्टरांशी असलेला करार खरोखर मोडला. नवा करार व्हायला २०२२ चा सप्टेंबर लागला. कोविडची साथ याच काळातली.

महाराष्ट्रात हे वाचताना ‘मार्ड’ ही निवासी डॉक्टरांची संघटना आठवल्याशिवाय राहत नाही. आपले निवासी डॉक्टर दवाखानेवाले नाहीत, शिकाऊ आहेत आणि विद्यावेतनावर राबतात. पण त्यांच्यापुढचे गिऱ्हाईकही सरकारच आहे. निवेदन, आश्वासन, संप, पुन्हा आश्वासन हा क्रम आपल्याला पाठ झाला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्येही संपाची हाक दिल्यावरच विद्यावेतनात दहा हजारांची वाढ मंजूर झाली. प्रत्येक फेरीत शासकीय रुग्णालयांच्या ओसरीवर थांबलेला रुग्ण भरडला जातो, आणि तो बहुधा दुसरीकडे जाऊ न शकणारा असतो.

विद्यावेतनाचा फेरविचार दरवर्षी ठरलेल्या महिन्यात व्हावा आणि मतभेद राहिलेच तर शासनाचा एक, निवासी डॉक्टरांचा एक व एक निवृत्त न्यायाधीश अशा मंडळाचा निर्णय दोघांनीही मानावा, एवढी तरतूद राज्य सरकारने करावी. त्यासाठी मोठा निधी लागत नाही, आणि तिची मागणी ‘मार्ड’ने करण्याआधी रुग्णांनी केली पाहिजे.

(क्रमशः)