एक काठी, चिमूटभर हळद आणि चौथीचा वर्ग

‘तालुक्यात काल 10 मिलिमीटर पाऊस’ अशी ओळ जूनमध्ये पेपरात येते आणि आपण पान उलटतो. 10 मिलिमीटर म्हणजे जेमतेम एक सेंटिमीटर. एवढ्याशा पावसाची बातमी ती काय? चौथीच्या वर्गाला हा प्रश्न पडला, तर उत्तरासाठी लागतं फार थोडं. कोल्ड्रिंकची सरळ भिंतींची रिकामी बाटली, कात्री, मूठभर खडे आणि पट्टी.

बाटलीचा वरचा निमुळता भाग कापायचा आणि उलटा करून नरसाळ्यासारखा तिच्याच तोंडात बसवायचा. तळ खाचाखोचांचा असतो, म्हणून खाली खडे टाकून ते बुडेपर्यंत पाणी ओतायचं. तिथे रेघ मारायची. तो आपला शून्य. मग बाटली झाडा-भिंतींपासून लांब, मोकळ्या मैदानात ठेवायची आणि रोज सकाळी 8:30 ला पाणी किती चढलं ते पाहायचं, कारण हवामान खातंही पाऊस त्याच वेळी मोजतं.

खरी गंमत वर्गात होते. जमिनीवर खडूनं एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन आखायचा. त्यावर एक मिलिमीटर पाणी उभं राहिलं तर ते बरोबर एक लिटर भरतं. म्हणजे 10 मिलिमीटर पावसात त्या चौकोनावर 10 लिटर पाणी पडलं. वर्गाचं छप्पर 30 चौरस मीटरचं असेल तर त्यावर 300 लिटर. आणि एका एकरावर? सुमारे 40 हजार लिटर, म्हणजे 10 हजार लिटरचे चार टँकर! उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या गावातल्या मुलांना हा गुणाकार दुसऱ्यांदा समजावून सांगावा लागत नाही.

प्राथमिक शाळेत प्रयोगशाळा नसते, पण तिच्यावाचून अडतही नाही. 1972 मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात 16 शाळांमध्ये स्वस्त, हाताशी असलेल्या वस्तूंतून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम सुरू झाला. पुण्याच्या टेल्कोतले एक तरुण अभियंता, अरविंद गुप्ता, 1978 मध्ये रजा घेऊन तिथे गेले आणि काडेपेटीच्या काड्या नि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून भूमितीचे आकार बनवू लागले. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतून त्यांनी ‘कचऱ्यातून खेळणी’ देशभरच्या मुलांपर्यंत नेली. त्यांच्या कामामागचं सूत्र साधं आहे. वस्तू स्वस्त असली तरी चालते, प्रश्न मात्र खरा हवा.

पाऊस स्थिरावला की शाळेच्या आवारातला कढीपत्ता पाहावा. पानावर पक्ष्याची काळी-पांढरी शीट पडलेली दिसते. मुलं तोंड वाकडं करून पुढे जातात, आणि एखादी मुलगी ओरडते, “बाई, शीट चालतेय!” ती असते लिंबाच्या किंवा मॉरमॉन फुलपाखराची अळी. लहानपणी ती हुबेहूब शिटेसारखी दिसते. पक्षी स्वतःची शीट खात नाहीत, हाच तिचा बचाव. मोठी होता होता एका कातेनंतर ती एकदम पानासारखी हिरवीगार होते. काडीनं हलकेच डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी रंगाची दोन टोकांची शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू, ब्लू मॉरमॉन, याच कुळातलं. त्याच्या अळ्याही लिंबूवर्गीय झाडांवरच वाढतात.

अळीला फांदीसकट काचेच्या बरणीत ठेवावं, तोंडाला जाळीचं कापड बांधावं आणि रोज ताजी पानं घालावीत. बरणीच्या तळाशी विष्ठेचे बारीक गोळे साठतात. ते मोजले तरी तिची भूक कशी वाढत गेली ते कळतं. एक दिवस ती खाणं थांबवते, काटकीला रेशमाचा पट्टा बांधून त्यात रेलते आणि तिचा कोष होतो. आजूबाजूला हिरवाई असेल तर बहुधा हिरवा, काटकी वाळकी असेल तर तपकिरी.

कोषाच्या आत काय चालतं हे ऐकलं तर मोठ्यांचेही डोळे विस्फारतात. अळीच्या शरीराचा बराचसा भाग आत विरघळतो. पंख, लांब पाय, सोंड यांच्यासाठी पेशींचे छोटे पुंजके अळीच्या अंगात आधीपासूनच दडून असतात. ते आता वाढू लागतात. मग जुनं सगळं पुसलं जातं का? अमेरिकेत 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पतंगाच्या मोठ्या अळ्यांना एक विशिष्ट वास आला की सौम्य विजेचा झटका दिला होता. कोषातून बाहेर आलेले पतंगही तो वास टाळत राहिले. शरीर नवं झालं, पण एक आठवण टिकली! आठ-दहा दिवसांनी सकाळी कोष पारदर्शक होतो आणि आतले पंख दिसू लागतात. त्या दिवशी गणिताचा तास पुढे ढकलावा.

दिवाळीनंतर पाळी हळदीची. जेवताना वरण सांडलेला पांढरा शर्ट घरी साबणाला लागला की पिवळा डाग लालभडक होतो, हे प्रत्येक घरात ठाऊक असतं. हळदीतलं कुर्क्युमिन हे द्रव्य आम्लात पिवळं राहतं आणि साबण, चुना, धुण्याचा सोडा अशा अल्कलीत लाल होतं. लिंबू पिळलं की परत पिवळं. पारंपरिक कुंकू हळदीपासूनच होतं. तिला चुन्यासारख्या अल्कलीची जोड मिळाली की रंग लाल चढतो. देव्हाऱ्यातल्या दोन वाट्या म्हणजे एकाच द्रव्याचे दोन अवतार.

हळदीची दाट पेस्ट कागदावर फासून वाळवली आणि पट्ट्या कापल्या की वर्गाचा ‘पाणी-परीक्षक’ तयार. विहिरीचं पाणी, ताक, चिंचेचा कोळ, साबणाचा फेस, चुन्याची निवळी: आधी अंदाज लिहायचा, मगच पट्टी बुडवायची. चुन्याच्या निवळीत बुडवलेल्या काडीनं त्या कागदावर नाव लिहिलं तर लाल अक्षरं उमटतात, आणि मग तासभर वर्गात दुसरं काही होत नाही.

याच पट्ट्या खिशात ठेवून सहलीला जायचं ते बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला. अवकाशातून आलेला एक पाषाण इथल्या काळ्या बेसॉल्टवर आदळला आणि सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा खड्डा पडला. पूर्वी त्याचं वय 50 हजार वर्षांच्या घरात मानलं जाई. 2010 मधल्या मोजणीत ते सुमारे 5 लाख 70 हजार वर्षं आलं. चंद्र आणि मंगळावरही बेसॉल्टमध्ये असेच खड्डे आहेत, म्हणून त्यांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ लोणारला येतात. काठावर उभं राहिलं की मुलं आधी गप्प होतात आणि मग सगळी एकदम बोलू लागतात.

उतरताना धारेचं गोड पाणी लागतं. हळदीची पट्टी त्यात पिवळीच राहते. खाली तळ्याच्या पाण्यात बुडवली की ती लाल होते! या तळ्यातून पाणी बाहेर जायला वाटच नाही. ते फक्त आटतं आणि क्षार मागे सोडतं. त्यांत धुण्याच्या सोड्याचाच मोठा भाग असतो. साबणाच्या पाण्यानं शर्टावर जे केलं, तेच तळ्यानं पट्टीवर केलं. जून 2020 मध्ये हे अख्खं पाणी गुलाबी झालं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासलं तेव्हा कारण निघालं खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव. पट्टीला एक थेंब पुरतो. हे अभयारण्य आहे, तिथून दगड-पाणी घरी आणायचं नाही, हेही सहलीतच शिकवायचं.

आणि आता काठी. सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली पायाखाली नाहीशी होण्याचा क्षण महाराष्ट्रात वर्षातून दोनदा येतो. कोल्हापूरला मे आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, नागपूरला मेअखेर आणि जुलैच्या मध्यात. शाळेचं दुर्दैव असं, की मेमध्ये सुट्टी असते आणि पावसाळ्यात ढग. पण मार्चमध्ये आकाश स्वच्छ असतं. 20-21 मार्चला दिवस-रात्र समान असतात आणि भरदुपारची सावली आपलं गाव विषुववृत्ताच्या किती उत्तरेला आहे ते थेट सांगते.

एक मीटरची काठी ओळंब्यानं उभी करायची आणि दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करायची. सर्वांत आखूड सावली घड्याळातल्या बाराला पडत नाही. आपली घड्याळं मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्ताची वेळ दाखवतात आणि आपण त्याच्या पश्चिमेला आहोत. म्हणून नागपुरात तो क्षण दुपारी 12:20 च्या सुमारास येतो, कोल्हापुरात 12:40 च्या. कोल्हापूरची सावली भरते 30 सेंटिमीटर, नागपूरची जवळजवळ 39. एकाच दिवशी, तेवढीच काठी, आणि तरी नऊ सेंटिमीटरचा फरक. जमीन सपाट असती तर इतक्या दूरच्या सूर्यानं दोन्हीकडे सारखीच सावली पाडली असती.

आता काठी आणि सावली प्रमाणात वहीवर काढून काठीच्या टोकाशी होणारा कोन मोजायचा. कोल्हापूरचा साडेसोळा-सतरा अंश, नागपूरचा एकवीसच्या किंचित पुढे. फरक सुमारे साडेचार अंश. वर्तुळात 360 अंश, म्हणजे असे 80 तुकडे. दोन्ही शहरांमधलं निव्वळ दक्षिण-उत्तर अंतर नकाशावर मोजलं तर साधारण 495 किलोमीटर. 80 गुणिले 495, बरोबर 39,600. पृथ्वीचा ध्रुवांवरून जाणारा खरा परीघ 40 हजार किलोमीटरच्या किंचित वर आहे. शंभरात एकाची चूक! इराटोस्थेनिस नावाच्या ग्रीक विद्वानानं सुमारे 2250 वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये सावलीवरून पृथ्वी मोजली ती याच रीतीनं.

हे करायला निधी लागत नाही, परिपत्रकही लागत नाही. आपल्या गावाच्या बऱ्याच उत्तरेला किंवा दक्षिणेला असलेली एक शाळा शोधा: बदलून गेलेल्या बाईंची, मामाच्या गावची, कुठलीही. त्या दिवशी ढग आले तर दुसरा दिवसही चालेल, फक्त दोन्हीकडे एकाच दिवशी मोजा. फोनवर सावलीची लांबी विचारून घ्या, गुणाकार मुलांनाच करू द्या, आणि आलेला आकडा वहीत लिहून ठेवायला सांगा. तो चुकला असेल तर खोडून बरोबर आकडा लिहू देऊ नका. चूक कुठे झाली ते शोधणं हा त्या प्रयोगाचा पुढचा भाग आहे.